तीन सिस्टर आणि एकवीस पाळ्या

रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतपणाची बाई रात्री अडीच वाजताही येते. त्यामुळे एक सिस्टर चोवीस तास हजर हवी. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या 2012च्या आवृत्तीत महिन्याला 20पेक्षा कमी बाळंतपणं होणाऱ्या केंद्रासाठी किमान तीन स्टाफ नर्स सांगितल्या आहेत. हिशेब मांडून पाहू. दिवसाला तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याला 21. वीकली ऑफ धरला तर एक सिस्टर सहा पाळ्या करते, तिघी मिळून 18. कुणी आजारी पडलं नाही, कुणाच्या घरी लग्न निघालं नाही, तरी तीन पाळ्यांना माणूस उरत नाही.

कागदावर मात्र हे दिसत नाही. कुणीतरी डबल ड्युटी करते, कुणाचा नाइट ऑफ बुडतो आणि ड्युटी लिस्टचे सगळे रकाने भरतात. भरलेली लिस्ट पाहून वरच्या कार्यालयाला सगळं सुरळीत वाटतं. ड्युटी लिस्ट बनवणाऱ्या संगणकाकडून मला पहिली अपेक्षा आहे ती इथे: हा तुटवडा दिसावा.

मोठ्या रुग्णालयात प्रश्न वेगळ्या अंगाने अवघड होतो. वाशिमला 2024मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अशा ठिकाणी वॉर्ड अनेक आणि सिस्टरही पुष्कळ. एकाच सिस्टरच्या प्रत्येक दिवसासाठी मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट किंवा ऑफ असे चार पर्याय धरले, तर 30 दिवसांच्या जुळण्या होतात एकावर अठरा शून्यांहून अधिक. इन्चार्ज सिस्टर ही लिस्ट पेन्सिलने, खोडत-खोडत बसवते, आणि त्या कौशल्याची नोंद कुठेही होत नाही.

संगणक नियमांचे दोन गट करतो. काही नियम मोडायचेच नाहीत: नाइट संपवून लगेच मॉर्निंग नाही, अतिदक्षता विभाग अनुभवी सिस्टरविना नाही. बाकीचे शक्यतो पाळायचे: पोळ्याला माहेरी जायचंय, मुलाची परीक्षा आहे, मागच्या दिवाळीची नाइट जिने केली तिला या वर्षी सूट. दुसऱ्या गटातला नियम मोडला की दंडाचे गुण लागतात, आणि सगळ्यात कमी दंडाची लिस्ट निवडली जाते. डी. मायकेल वॉर्नर यांनी 1976मध्येच परिचारिकांच्या आवडीनिवडी गणितात बसवणारी पद्धत प्रसिद्ध केली होती. आज गूगलचं ओआर-टूल्स हे अशी गणितं सोडवणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, आणि लहान केंद्राची लिस्ट साध्या लॅपटॉपवर निघते. पण दंडाचे गुण कुणी ठरवायचे? सिस्टरांना विचारल्याशिवाय ते ठरवले, तर अन्याय तोच राहील, फक्त छापील होऊन येईल. शेवटची सहीही इन्चार्जचीच हवी. कुणाची सासू दवाखान्यात आहे हे तिलाच माहीत असतं.

केनवडएवढ्या केंद्रात मात्र जुळण्या शोधायच्या राहतच नाहीत. तीन सिस्टर आणि 21 पाळ्या दिल्या की संगणक एवढंच सांगेल, की या नियमांत लिस्ट बसत नाही. हे उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. माणूस नियम वाकवून लिस्ट बसवतो आणि तुटवडा झाकला जातो. यंत्राला नियम मोडू नको म्हणून सांगितलं, तर ते मोडत नाही. थकव्याची, अपुऱ्या मनुष्यबळाची किंमत रुग्ण मोजतो. लिंडा एकेन यांच्या 2002मधल्या अमेरिकी अभ्यासात दर परिचारिकेमागे एक शस्त्रक्रियेचा रुग्ण वाढला, की 30 दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली.

चौथी सिस्टर मिळाली, तर पाळ्या होतात 24, आणि रजेसाठी आठवड्याला तीन हाताशी राहतात. पण चौघींतली एक 180 दिवसांच्या प्रसूती रजेवर गेली, की जवळजवळ 26 आठवडे हिशेब पुन्हा 18 वर येतो. अशा रजेची तारीख महिनोन्‌महिने आधी माहीत असते. रजेचा अर्ज संगणकात चढला त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे रिकाम्या पाळ्यांची यादी आणि रिलीव्हरची मागणी आपोआप जायला हवी, त्या पाळ्यांच्या तारखांसह.