आठव्या दिवसाचा निवाडा

शिक्षकाची पारख : लेखांक पाचवा

ज्या काळी खेड्यापाड्यांत जन्माचा दाखला ही चीज दुर्मीळ होती, त्या काळी शाळेत नाव घालावयास आणलेल्या पोराला मास्तर उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगत. कान हाती आला की पोर पहिलीच्या वयाचे झाले असे ठरे, आणि दाखलखारीज रजिस्टरात पुष्कळदा १ जून हीच जन्मतारीख चढे. पुढे नोकरी, बढती आणि पेन्शन या साऱ्यांचा हिशेब त्याच तारखेवरून होई. मुलाविषयीचा अंदाज एकदा दप्तरी दाखल झाला म्हणजे तो किती दीर्घायुषी होतो, याचा हा मासला. वयाची ही कथा. बुद्धीच्या अंदाजाचे काय, ते या आठवड्यात पाहावयाचे आहे.

शिक्षकवर्गाची बाजू प्रथम मांडणे न्यायाचे होईल. होज आणि कोलाडार्सी या संशोधकांनी १९८९ साली १६ अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा शिक्षकांचे अनुमान आणि मुलांची प्रत्यक्ष चाचणीतील कामगिरी यांच्यातील सहसंबंधाचा मध्यांक ०.६६ निघाला. पूर्ण मेळ म्हणजे १. तेव्हा ज्याला आपण ‘मास्तरांची नजर’ म्हणतो ती अगदीच पोकळ नाही. मात्र ही नजर बहुधा सहवासाने मुरलेली असते. प्रथमदर्शनाचा प्रश्न याहून निराळा.

त्या प्रश्नाचा गाजलेला प्रयोग रॉबर्ट रोझेंथाल आणि लिओनोर जेकबसन यांनी १९६४ साली कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत सुरू केला. सुमारे एक पंचमांश मुले निव्वळ चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून, ‘चाचणीवरून ही मुले यंदा विशेष झेप घेतील असे दिसते’ असे त्यांनी शिक्षकांना कळविले. आणि वर्षअखेरीस पहिली-दुसरीतील अशा मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा अधिक वाढल्याचे १९६८ च्या ग्रंथात जाहीर केले. त्यावर कठोर आक्षेप घेणाऱ्यांत रॉबर्ट थॉर्नडाइक होते. (एका गुणाची छाप माणसाच्या इतर गुणांच्या मूल्यमापनावरही पडते, हे १९२० साली दाखवून देणारे एडवर्ड थॉर्नडाइक हे त्यांचे वडील, तेव्हा या विषयाची चिकित्सा घरातच होती म्हणायची.) पुढे १९८४ मध्ये स्टीफन रॉडेनबुश यांनी अशा १८ प्रयोगांची छाननी केली, तीत असे आढळले की खोटी शिफारस येण्यापूर्वी शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून अधिक काळ ओळखत असतील, तर तिचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. पंधरवड्याची ओळख कागदावर मात करते, ही मला फार दिलाशाची गोष्ट वाटली होती.

वाटली होती असे म्हणतो, कारण नंतर रे रिस्ट यांचा १९७० सालचा निबंध वाचनात आला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांच्या एका शाळेत, बालवर्ग सुरू झाल्यापासून आठव्या दिवशी, शिक्षिकेने तीन मेजांवर मुलांच्या कायमच्या जागा मुक्रर केल्या. बुद्धीची कोणतीही चाचणी झालेली नव्हती; हाताशी होते ते नोंदणीचे तक्ते, घरच्या परिस्थितीची माहिती, कोणाला सरकारी मदत मिळते याची यादी, थोरल्या भावंडांचा लौकिक, आणि डोळ्यांना दिसणारे कपडे व कानांवर पडणारी बोली. नीटनेटकी, शिष्ट इंग्रजी बोलणारी मुले पहिल्या मेजावर, फळ्याजवळ, बाईंच्या समोर बसली; शिकविणे मुख्यतः त्यांच्याकडे तोंड करून चाले. शिक्षिकाही कृष्णवर्णीयच होती, तेव्हा हा परक्याचा आकस म्हणून सोडून देता येत नाही. येथे कोणी खोटी चिठ्ठी दिली नव्हती. नजर तिची स्वतःचीच होती, आणि त्यामुळेच बहुधा ती पंधरवड्यानेही बदलली नाही.

वर्षअखेरीस मागच्या मेजांवरील मुलांचा अभ्यास अपुरा राहिला, म्हणजे अनुमान बरोबरच ठरले. निकाल देणाऱ्याच्याच हाती पुरावा घडविण्याचे काम असले म्हणजे दुसरे काय व्हावयाचे? पहिलीत गेल्यावर त्यांपैकी एकालाही पुढच्या मेजावर जागा मिळाली नाही, कारण तेथील पाठांना लागणारा बालवर्गाचा धडा त्यांचा पुरा झालाच नव्हता. दुसरीत तर गटांना नावेच पडली, आणि शेवटच्या गटाचे नाव होते ‘विदूषक’. त्या वर्गाच्या शिक्षिकेला कपड्यांकडे किंवा बोलीकडे पाहण्याची गरजही उरली नव्हती. वाचनाच्या चाचणीचे गुण आता तिच्यापुढे तयार होते.