‘गूगलवर आहे की सगळं!’

दिवाळीची सुट्टी संपते, लातूर-पुण्याला शिकणारी पोरं परत निघतात आणि किल्लारीतल्या बऱ्याच घरांत शेवटच्या दिवशी एक काम उरकलं जातं. कॉम्प्युटर हँग होतोय, सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय, म्हणून बस पकडायच्या आधी पोरगा तासभर बसून तो मोकळा करून देतो. मोकळा करायलाच हवा. पण काय काय उडवलंस असं विचारलं की दरवर्षी तेच उत्तर मिळतं: ‘फोटोच उडवले काका, जागा तेच खात होते. गूगलवर आहेत की सगळे!’

आता हे वाक्य ऐकवत नाही. ते फोटो गूगलवर असतीलच असं नाही, आणि असले तरी इथून उडवल्यावर तिथे राहतीलच असंही नाही.

आधी ‘आहेत का’ ते पाहू. फोनमधलं गूगल फोटोज आपणहून वर चढवतं ते त्या फोनच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो. व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो वेगळ्या फोल्डरात पडतात आणि तो फोल्डर आपण स्वतः सुरू केल्याशिवाय बॅकअपमध्ये येत नाही. म्हणजे भाऊबीजेला चुलत बहिणीने तिच्या फोनवर काढलेला आणि तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो तुमच्या गूगल खात्यात बहुधा नाहीच. डी ड्राइव्हमधल्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या फोटोंचं, लग्नाच्या सीडीवरून उतरवून घेतलेल्या फोल्डरचं तर विचारूच नका. ते फोनने कधी पाहिलेलेच नाहीत, तर तो ते चढवणार कुठून? त्यात जागेची मर्यादा. १ जून २०२१पासून गूगलने फोटोंसाठीची अमर्याद फुकट जागा बंद केली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. ती भरली की नवे फोटो चढणं थांबतं. तशी सूचना स्क्रीनवर येते, पण आपण ती बाजूला सारतो आणि वर्षभर सगळं चढतंय असंच धरून चालतो.

आता दुसरी चूक, आणि खरं नुकसान हीच करते. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकचं काम दोन्हीकडे सारखं ठेवण्याचं. तुम्ही इकडे नवा फोटो टाकला की तो तिकडे जातो, आणि इकडचा उडवला की तिकडचाही उडतो. बिघाड झाल्याने असं होत नाही, ते असंच चालावं म्हणून बनवलेलं आहे. गूगल फोटोजमध्ये कचरापेटीचं चिन्ह दाबलं तर फोटो खात्यातून आणि सिंक असलेल्या सगळ्या उपकरणांवरून जातो, असं गूगलच्याच मदतपानावर लिहिलेलं आहे. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वेगळा दिलेला आहे. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग कायमचा जातो. दिवाळीत उडवलेला फोटो संक्रांतीला आठवला तर उपयोग नाही.

कॉम्प्युटरवर हाच प्रकार वनड्राइव्हमुळे होतो. विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हखाली जातात आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. तुमच्या मशीनवर काय झालंय ते आत्ता पाहता येईल. पिक्चर्स उघडा आणि फाइलशेजारच्या छोट्या खुणेकडे बघा. निळा ढग असेल तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाहीच, फक्त इंटरनेटवर आहे. हिरवी बरोबरची खूण असेल तर दोन्हीकडे आहे. अशा फाइलवर डिलीट दाबलं तर ती दोन्हीकडून जाते आणि वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस थांबते. डिस्कवरची जागा सोडवायची तर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ घ्यायचं. डिलीट नाही.

मी हे इतकं लावून धरतो त्याला किल्लारीचा इतिहास कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, गाव झोपेत होतं. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली जिथे माणसं गेली, तिथे ट्रंकेतले अल्बम कुठून राहणार? गाव नव्या जागी पुन्हा वसलं. सातबारा, दाखले, पासबुकं सरकार-दरबारी खेटे घालून परत काढता आली. फोटो परत काढता येत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका घरात आजीचा एकच फोटो आहे, आणि तोही लातूरच्या आत्याकडे त्याची एक प्रत गेलेली होती म्हणून. आपल्याकडे तरी ‘दुसरी प्रत दुसऱ्या गावात’ हे वेगळं शिकवावं लागू नये.

फोटोंच्या व्यवसायात हा नियम रूढ आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो ३-२-१ अशा आकड्यांत मांडला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्या घरासाठी याचा अर्थ एवढाच की मूळ फोटो कॉम्प्युटरवर, दुसरी प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि तिसरी गूगलवर किंवा पुण्याच्या मुलाकडे. कॉपी झाल्यावर हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा आणि चार-सहा फोटो खरंच उघडून बघा. पिक्सारसारख्या कंपनीत १९९८मध्ये ‘टॉय स्टोरी २’च्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने उडाल्या, तेव्हा बॅकअपही नीट चालत नसल्याचं उघड झालं. चित्रपट वाचला तो एका कर्मचारी बाईंच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत होती म्हणून.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातं त्यातल्या फोटोंसकट काढून टाकण्याचं धोरण गूगलने डिसेंबर २०२३पासून लागू केलं आहे. घरातलं वडीलधारं माणूस गेलं आणि त्यांचा फोन कपाटात पडून राहिला, तर त्यांचे फोटो आधी उतरवून घ्या.

मग उडवायचं काय? जे पुन्हा मिळतं ते. डाउनलोड्स फोल्डर उघडून आकाराने लावा. जुने सेटअप, तीनदा उतरवलेला तोच पिक्चर, चार वेळा काढलेला आधारचा पीडीएफ, हे सगळं बिनधास्त काढा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीवरून आणि बरेचसे दाखले डिजिलॉकरमधून केव्हाही परत घेता येतात. ‘शुभ दीपावली’चे फॉरवर्डही जाऊ द्या. शेवटी रिसायकल बिन रिकामा करा, नाहीतर जागा सुटतच नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘महत्त्वाचं डी ड्राइव्हमध्ये ठेवलंय, काळजी नाही.’ बहुतेक घरच्या मशीनमध्ये सी आणि डी एकाच डिस्कचे भाग असतात, एकाच घराच्या दोन खोल्यांसारखे. नवं विंडोज टाकताना फक्त सी फॉरमॅट केला तर डी वाचतो. डिस्कच गेली तर दोन्ही जातात.

‘पाच-सहा वेळा रिफ्रेश मारलं की कॉम्प्युटर फास्ट होतो.’ रिफ्रेशने फक्त स्क्रीनवरची चिन्हं नव्याने दिसतात. रॅम मोकळी होत नाही, काहीच होत नाही. वेग हवा तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअपमधले नको ते प्रोग्रॅम बंद करा. मशीन जुनं असेल तर हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवा, फरक तिथे पडतो.

‘रनमध्ये जाऊन टेम्प आणि प्रीफेच साफ करायचं.’ टेम्प ठीक आहे. प्रीफेचमध्ये प्रोग्रॅम लवकर उघडण्यासाठीच्या नोंदी असतात. त्या पुसल्या की पुढच्या वेळी ते उलट सावकाश उघडतात.

‘क्लीनर टाकला की कचरा जातो.’ रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमांना मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, तसं त्यांनी जाहीर सांगितलं आहे. २०१७मध्ये सीक्लीनरच्याच एका आवृत्तीत हॅकरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती वीस लाखांहून अधिक मशीनवर पोहोचली होती. विंडोजच्या सेटिंग्जमधलं ‘स्टोरेज’ घरच्या कामाला पुरतं.

‘विकण्याआधी फॉरमॅट मारला, आता डर नाही.’ साध्या क्विक फॉरमॅटने फाइलींची यादी जाते. जुन्या हार्डडिस्कवर मजकूर तसाच राहतो, आणि फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने आधार-पॅनच्या प्रतीही परत निघू शकतात. विंडोजच्या रिसेटमध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ घ्या आणि आतल्या सेटिंगमध्ये ‘क्लीन डेटा’ चालू करा. मोठ्या हार्डडिस्कला यात कित्येक तास लागतात, म्हणून लोडशेडिंगची वेळ टाळून लावा आणि लॅपटॉप असेल तर चार्जर जोडूनच ठेवा.