डोळ्यांनी ऐकलेले गाणे

इंदूरला येऊन स्थायिक झालेल्या आमच्या पाच पिढ्यांपैकी पंढरीची वारी घडली ती जेमतेम दोघा-तिघांना. मात्र एकादशीचे भजन चुकले, असे कधी झाल्याचे स्मरत नाही. या भजनात आज पुढे बसून गातात ते माझे चुलते, आबा. त्यांना ७९ वे वर्ष लागले आहे. थंडी सुरू झाली की तार षड्जाला आवाज आता पोचत नाही. म्हणून गेल्या आषाढापूर्वी माझ्या पुतण्याने मनावर घेतले, की आबांचे दहा अभंग नीट ध्वनिमुद्रित करून ठेवायचे.

पुतण्या अभियंता आहे. माडीवरच्या खोलीत त्याचा संगणक, दोन लहान ध्वनिक्षेपक आणि सहा मायक्रोफोन असा संसार आहे. आबांचा आवाज, पेटी, तबला, डग्गा, टाळ आणि तंबोरा यांचे मुद्रण त्याने स्वतंत्र केले. पुढे या सहा धारांचा मेळ बसवायचा, म्हणजे मिक्सिंग. आणि बसलेल्या मेळावर शेवटचा हात फिरवून तो सर्वत्र ऐकण्याजोगा करायचा, म्हणजे मास्टरिंग. आठ दिवस तो रात्री जागून काम करीत होता. नवव्या दिवशी आम्हां सर्वांना त्याने वर बोलाविले.

आवाज स्वच्छ होता. टाळ चकाकत होते. खाली कुठेतरी भारदस्त घुमारा होता. आम्ही माना डोलावल्या. आबांनी मात्र दोन अभंग डोळे मिटून ऐकले आणि विचारले, "अरे बाळ, तंबोरा कुठे गेला? आणि गंधारावर आलो की माझा गळा बसल्यासारखा का होतो?"

पुतण्याने संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखविले. तेथे डोंगररांगेसारखी एक रेषा हलत होती. "आबा, यात कुठे काही कमी नाही. ॲनलायझरवर सगळे बरोबर दिसते आहे."

त्या "दिसते आहे" या शब्दांवर माझे मन अडकले. पुढचे काही आठवडे मी या यंत्राचा नाद घेतला.

कोणताही संगीताचा ध्वनी एकजिनसी नसतो. पेटीची एक पट्टी दाबली तरी तिच्यातून मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी अनेक कंपने निघतात. गुंतागुंतीचे कोणतेही आंदोलन साध्या आंदोलनांच्या बेरजेने मांडता येते, हा विचार जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने उष्णतेवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात मांडला. पुढे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने पोकळ गोलक तयार करून त्यांचे एक टोक कानाला लावले आणि मिश्र ध्वनीतले एकेक कंपन वेगळे ऐकून दाखविले. त्याचा ग्रंथ १८६३ साली निघाला. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी फूरिएचे गणित संगणकाकडून झटपट करून घेण्याची रीत प्रसिद्ध केली. आज ॲनलायझर म्हणून मिळते ती हीच कारागिरी आहे. डावीकडून उजवीकडे कंपनसंख्या, म्हणजे एका सेकंदात किती आंदोलने. खालून वर त्यांचा जोर. मनुष्याचा कान सुमारे २० पासून २०,००० पर्यंतची कंपने ओळखतो, आणि वयाबरोबर वरची मर्यादा खाली येते. यंत्राला वय नाही. व्हॉक्सेंगो कंपनीचे 'स्पॅन' नावाचे असे साधन तर फुकटही मिळते.

हेल्महोल्ट्झने गोलक कानाला लावले होते, डोळ्यांना नव्हे, हे मात्र येथे नोंदवून ठेवतो.

आता पुतण्याने काय केले ते सांगतो. त्याने आपल्या आवडीचे एक इंग्रजी पॉप गाणे घेतले, त्याची रेषा पडद्यावर काढली आणि अभंगाची रेषा तिच्याशी जुळेल अशा बेताने निरनिराळ्या कंपनांचा जोर वाढविला-घटविला. हे आपोआप करून देणारी साधनेही बाजारात आहेत. पण त्या गाण्यात ५० ते १०० कंपनांच्या टापूत बास गिटार आणि मोठा ड्रम होता. आमच्या भजनात तेथे काय होते? आबा काळी एकमध्ये गातात. त्यांचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३८.६ कंपनांचा. मंद्र पंचमाला ते उतरले तरी १०४ च्या खाली जात नाहीत. त्याखाली डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याच्या खरजाच्या तारेचा ६९.३ चा मूळ स्वर, एवढीच काय ती वस्ती. म्हणजे रेषा जुळविण्यासाठी त्याने जे वाढविले, त्यात डग्गा थोडा आणि खोलीतली घरघर फार. आम्हांला वाटलेला तो भारदस्त घुमारा बहुतांशी विजेचा होता!

दुसरी चूक अधिक सूक्ष्म होती, आणि ती कुणाही हुशार माणसाच्या हातून होईल. प्रत्येक अभंगात ३४६ च्या आसपास एक शिखर जागचे हलत नव्हते. गायक वर जावो की खाली, पेटी थांबो की वाजो, ते शिखर तेथेच. असे न हलणारे शिखर दिसले की ते खोलीचे किंवा मायक्रोफोनचे दुखणे समजून कापावे, असे शिकविले जाते. जेथे स्वरसंगती सतत बदलत असतात त्या पाश्चात्त्य संगीतात हा सल्ला बहुधा योग्यच ठरतो. म्हणून पुतण्याने तेथे अरुंद पण खोल काप दिला, आणि तोही एका धारेवर नव्हे, साऱ्या मेळावर.

६९.३ ला ५ ने गुणून पाहा. उत्तर ३४६.५ येते. खरजाच्या तारेतून आपोआप उमटणारा तो गंधार होता! तंबोरा चांगला लागला की न छेडलेला गंधार ऐकू येतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक गवयाला ठाऊक असते. जवारीच्या रुंद, वक्र घोडीमुळे तारेतून वरची कंपने इतक्या विपुलतेने का निघतात, याचा शोध चंद्रशेखर वेंकट रामन यांनी घेतला होता आणि १९२१ साली त्यावर निबंध लिहिला होता. जवळच देवासला राहणारे कुमार गंधर्व तंबोरे जुळविण्याबाबत किती चोखंदळ होते, हे माळव्यातल्या रसिकांना सांगावयास नको. त्या साऱ्या साधनेचे फळ आमच्या पुतण्याने रोग समजून कापून टाकले होते. आणि आबांचा तार गंधार नेमका त्याच जागी येतो. मध्य गंधार १७३ चा, त्याची दुप्पटही तेथेच पडते. गळा बसत नव्हता, कापला जात होता.

यात पुतण्याला हसण्यासारखे काही नाही. आलेखाची रेषा खरीच असते. पण ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते रेषेवर लिहिलेले नसते. यंत्र एका क्षणाचे नव्हे, काळाच्या एका तुकड्याचे गणित करते. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतील आणि यंत्र एका वेळी ४,०९६ नमुने तपासत असेल, तर तो तुकडा सुमारे ९३ सहस्रांश सेकंदांचा होतो, आणि त्यातून जवळजवळ १०.८ कंपनांपेक्षा कमी अंतरावरचे दोन स्वर वेगळे दिसत नाहीत. खरजात षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्यात पाच कंपनांचेही अंतर नसते. म्हणजे ज्या दोन स्वरांत भैरवाचे सारे गांभीर्य आहे, ते तळाशी यंत्राला एकच ढेकूळ दिसतात. तुकडा चौपट मोठा केला तर स्वर वेगळे होतात, पण तो पाऊण-एक नव्हे तरी एक तृतीयांश सेकंदाहून मोठा होतो आणि द्रुत लयीतले तबल्याचे बोल एकमेकांत मिसळून जातात. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते. यावर उपाय नाही. गणिताचाच तो धर्म आहे. म्हणून स्वर पाहताना मोठा तुकडा आणि ठेका पाहताना लहान, असे माणसालाच बदलावे लागते.

रेषा सपाट करण्याचा हव्यासही असाच. बहुतेक संगीतात वरच्या कंपनांकडे जोर स्वाभाविकपणेच उतरत जातो. सर्व सप्तकांत सारखी शक्ती असलेला ध्वनीसुद्धा अशा यंत्रावर सप्तकामागे ३ डेसिबलने उतरता दिसतो. डोळ्यांना सोयीचे व्हावे म्हणून पुष्कळ यंत्रांत चित्रच तिरपे केलेले असते, कुठे ३ ने, कुठे ४.५ ने. हा तिरपेपणा किती ठेवला आहे ते न पाहता "वरचा भाग कमी आहे" म्हणणे म्हणजे चष्म्याचा नंबर न पाहता अक्षर पुसट म्हणण्यासारखे आहे. शिवाय कान सर्व कंपनांना सारखा न्याय देत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविले, की तीन-चार हजारांच्या आसपास कान फार तीक्ष्ण असतो आणि तळाच्या कंपनांना मंद. टाळांची किणकिण चित्रात बुटकी दिसते, पण आबांचे शब्द झाकून टाकते. एका ध्वनीने दुसऱ्याला झाकणे बहुतेक आलेखांत दिसतच नाही.

इतके लिहिल्यावर वाचकांना वाटेल, की हे गृहस्थ यंत्राविरुद्ध आहेत. तसे मुळीच नाही. त्याच यंत्राने आम्हां साऱ्यांच्या कानांची एक चूक पकडली आणि ती लहान नव्हती.

विजेची ती घरघर आम्हांला घुमाऱ्यासारखी गोड का वाटली, आणि काम करताना पुतण्याला ती मुळीच का ऐकू आली नाही? त्याची खोली ११ फूट लांब आहे. एवढ्या अंतरात सुमारे ५१ कंपनांचा ध्वनी भिंतींमध्ये उभा राहतो. त्याचा जोर भिंतींपाशी अधिक आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा असतो. पुतण्याची खुर्ची बरोबर मध्यावर. आम्ही मंडळी भिंतीला टेकून सतरंजीवर बसलो होतो. आपल्याकडच्या विजेची कंपने सेकंदाला ५०! आलेखावर ५०, १०० आणि १५० वर सुईसारख्या तीन रेषा उभ्या होत्या. मोकळ्या धारा एकेक करून पाहिल्या, तेव्हा त्या फक्त पेटीच्या मायक्रोफोनच्या धारेत सापडल्या. दोष तिच्या तारेत होता. हे काम कानाने झाले नसते. ४० च्या खालची वाहनांची धडधड, आबांच्या 'स' आणि 'श' मधली पाच ते आठ हजारांतली शिट्टी, या गोष्टींची जागा शोधण्यातही यंत्राने खूप वेळ वाचविला.

दुसऱ्या खेपेस पुतण्याने पडदा झाकून ठेवला. प्रथम नुसते ऐकायचे आणि वहीत साध्या मराठीत लिहायचे : "दुसऱ्या कडव्यात टाळ बोचतात", "पेटी आवाजावर चढते". मग पडदा उघडून, ते कुठे बोचते ते शोधायचे. जे कानाला खुपले नाही आणि फक्त डोळ्यांना खुपले, ते आधी कशाचे आहे ते विचारायचे. उत्तर मिळेपर्यंत हात लावायचा नाही. तुलनेसाठी पॉप गाणे सोडून त्याने जुन्या अभंगांची चांगली मुद्रणे घेतली आणि दोन्हींचा मोठेपणा सारखा करून ऐकले, कारण जे थोडे मोठे वाजते ते आपल्याला चांगले वाटते. मोठेपणाच्या शर्यतीत तर अर्थच नाही. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी सारी गाणी साधारण उणे १४ या एकाच पातळीवर आणली जातात; दाबून फुगविलेले गाणे तेथे खाली ओढले जाते आणि दबलेले तेवढे उरते.

एक गंमत राहिली. तुकडा बराच मोठा करून पाहिले, तेव्हा गंधाराच्या जागी एक नव्हे, दोन रेषा दिसल्या : ३४६.५ वर तंबोऱ्याचा, आणि ३४९ च्या थोडा पुढे पेटीचा. समान अंतरांच्या सप्तकात बांधलेल्या पेटीचा गंधार चढाच असतो. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, तेव्हा जे आक्षेप घेतले जात त्यांपैकी एक आमच्या माडीवर साक्षात उभा होता. "मग पेटी काढू का?" असे पुतण्याने विचारले. आबा म्हणाले, "पेटीवाले चाळीस वर्षे माझ्याबरोबर वाजवताहेत. गंधारावर ते हात उचलतात, तुला दिसले नाही?" पुन्हा ऐकले. खरेच उचलत होते. दोन रेषा दिसल्या त्या फक्त मधल्या तुकड्यांत.

नऊ अभंग आता तयार आहेत. दहाव्याच्या वेळी मुद्रण चालू असतानाच आबा थांबून म्हणाले होते, की खरजाची तार उतरली आहे. रात्र झाली होती, पेटीवाल्यांना परत जायचे होते, म्हणून आम्हीच "काही कळत नाही हो, होऊन जाऊ द्या" असा आग्रह धरला. परवा पुतण्याने तो अभंग यंत्रावर लावला. गंधाराची रेषा ३४३ वर उभी होती.