बार कधी उडतो, कधी उडत नाही

तूर शेंगेवर आली की किनवट तालुक्यात रात्रीची जागल सुरू होते. पैनगंगेकाठचं सागाचं जंगल संपतं तिथंच शेताचा धुरा लागतो. रानडुकरांचा कळप एकदा आत घुसला की सकाळी उभं पीक आडवं झालेलं दिसतं. काही घरांत परवान्याची जुनी बारा बोअर बंदूक असते. डुक्कर किंवा रोही मारायचं तर वन विभागाची परवानगी लागते, पण कळप हुसकावायला काढलेल्या एका बारावरही मचाणावरच्या माणसाची भिस्त असते. आणि नेमक्या त्या वेळी चाप ओढला की नुसता ‘टक्’ आवाज येतो. त्याच डब्यातलं दुसरं काडतूस मात्र धडाडून उडतं.

मुळीच न उडणाऱ्या बंदुकीपेक्षा अशी बंदूक जास्त घातक. जी उडतच नाही ती माणूस दुरुस्तीला नेतो. जी अधूनमधून चुकते तिच्याशी तो जमवून घेतो, काडतूस बदलतो, चुकलेलं अंधारात फेकून देतो. खरं तर ते फेकलेलं काडतूसच दोष सांगू शकलं असतं.

आधी त्या ‘टक्’नंतर काय करायचं ते पाहू. नळी लगेच मोडून उघडायची नाही. कधी कधी काडतुसाच्या बुडाची टोपी पेटते, पण आतली दारू क्षणभर उशिरा धरते आणि बार मागाहून उडतो. त्या वेळी नळी उघडी असली तर काडतूस तोंडासमोर फुटेल. म्हणून नळीचं तोंड माणूस, जनावर, घर यांपासून दूर ठेवून निदान एक मिनिट तसंच थांबायचं, आणि मगच चेहरा बाजूला ठेवून बंदूक उघडायची. बार ‘फुस्स’ असा दबका उडाला असेल तर पुढचं काडतूस भरण्याआधी नळीतून उजेड पाहायचा. काडतुसातला दारू आणि छर्रे यांच्या मधला बोळा नळीत अडकलेला असला आणि त्यावर दुसरा बार काढला, तर नळी फुगते किंवा फाटते. उन्हाळाभर कोपऱ्यात उभ्या असलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर बांधते, त्याचाही परिणाम हाच. त्यामुळे जागलीचा हंगाम सुरू होताना पहिलं काम म्हणजे नळीतून आरपार उजेड पाहणं.

आता आत काय घडतं ते. काडतुसाच्या बुडाशी मधोमध पितळी टोपी बसवलेली असते. टोपीत ठोसा लागताच पेटणाऱ्या मसाल्याचा पातळ थर असतो आणि त्याच्या पुढे धातूची छोटी ऐरण. चाप ओढला की ताणलेली कमान सुटते, घोडा पिनवर आदळतो, पिन टोपीला खळगा पाडते आणि मसाला ऐरणीवर चिरडून पेटतो. नुसतं टोचून भागत नाही, चिरडणं लागतं. त्यासाठी ठोसा जोरात, मधोमध बसला पाहिजे आणि तो झेलताना काडतूस मागे घट्ट टेकलेलं असलं पाहिजे. यातलं एक जरी उणं पडलं तरी बार कधी उडतो, कधी नाही.

म्हणून न उडालेलं काडतूस दिवसा उजेडात पाहावं. खळगा खोल, गोल आणि मधोमध असेल, तर बंदुकीनं आपलं काम केलं आहे आणि संशय काडतुसावर जातो. खळगा उथळ असेल तर ठोसा कमी पडला. तो एका कडेला गेला असेल तर नळी आणि काडतूस जिच्यावर टेकतं ती मागची फळी एका रेषेत बसत नाहीत. खळगाच नसेल तर पिन टोपीपर्यंत पोचलीच नाही. उडालेल्या काडतुसाशी तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बार उडताना टोपी आतल्या दाबानं मागे रेटली जाते, त्यामुळे खळग्याची जागा ताडून पाहता येते, खोलीवर मात्र फार विसंबू नये.

दुनळी बंदूक असेल तर आणखी एक सोय आहे. तिला दोन वेगळे घोडे, दोन पिना. चार-सहा चुका कोणत्या नळीत झाल्या ते लिहून ठेवलं आणि सगळ्या डाव्याच नळीत निघाल्या, तर काडतुसांना दोष देण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे सारख्या चुका होत असतील तर काडतुसांचा डबा बदलून पाहावा. डब्यावरचा तयार झाल्याचा महिना आणि लॉट नंबरही टिपून ठेवावा.

उथळ खळग्याची दोन कारणं या भागात मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. पहिलं तेल. निवडणूक लागली की परवानाधारकांच्या बंदुका बहुतेक ठिकाणी पोलीस ठाण्यात जमा होतात. २०२४ साली एप्रिलमध्ये लोकसभेचं आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेचं मतदान झालं, म्हणजे एका वर्षात दोनदा ही वेळ आली. बंदूक महिना-दोन महिने हातात नसणार म्हणून माणूस तिला जाताना सढळ हातानं तेल लावतो, आणि ते तेल कित्येकदा स्वयंपाकघरातलं असतं. करडई आणि जवस ही दोन्ही वाळणारी तेलं. हवा लागली की त्यांचा चिकट पापुद्रा होतो. जवसाचं तेल लाकडी दस्त्याला उत्तम, पण पिनच्या छिद्रात गेलं की तिथं डिंकासारखं धरतं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. किनवटच्या हिवाळी रात्री पारा त्याच्या कितीतरी खाली असतो, आणि जागल नेमकी तेव्हाच असते. दुपारी घरी पाहावं तर घोडा झटकन पडतो. पहाटे तोच घोडा, तीच पिन जड चालते. उपाय साधा आहे. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून पिनचं तोंड आणि मागची फळी रॉकेलनं किंवा बंदुकीच्या सफाईच्या द्रावणानं धुवावी, पुरती सुकू द्यावी आणि मग बंदुकीच्या पातळ तेलाचा एकच थेंब द्यावा. उरलेलं पुसून काढावं, कारण जास्तीचं तेल टोपीच्या कडेनं आत झिरपतं आणि मसाला निकामी करतं.

दुसरं कारण बिजागरीचं. नळी मोडणारी बंदूक शेकडो वेळा उघडमीट झाली की बिजागरीची खीळ झिजते. मग पिननं ठोसा मारला की काडतूस थोडं पुढे सरकतं आणि बराच जोर त्या सरकण्यातच जातो. हे तपासायला रिकाम्या बंदुकीचा नळीखालचा लाकडी हात काढून घ्यावा, बंदूक बंद करावी आणि दस्ता धरून हलकेच हलवावी. तो हात जागेवर असताना ढिलाई दबून राहते, काढल्यावर खडखड ऐकू येते. आभाळाकडे धरून नळी आणि फळी यांच्या मधून उजेडाची रेघ दिसते का तेही पाहावं. काडतुसाची कड बसते त्या खाचेत काजळी साचली तर उलटंच होतं, बंदूक पुरती मिटत नाही.  

काडतुसांचं थोडक्यात. मराठवाड्यातल्या इतर तालुक्यांपेक्षा किनवट-माहूरला पाऊस जास्त. जुन्या कागदी खोळीची काडतुसं ओल धरून फुगतात आणि नळीत पुरती बसत नाहीत. ती चुलीशेजारी किंवा पत्र्याखाली सुकवायची मुळीच नाहीत. घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी, कुलपात ठेवावीत आणि जुनी आधी वापरावीत. खोळीवर लांबी ६५ की ७० मिलिमीटर लिहिली आहे तेही वाचावं. काडतुसाची जागा आखूड असलेल्या जुन्या बंदुकीत लांब काडतूस बसल्यासारखं वाटतं, पण उडताना दाब वाढतो.

घरी करायचं ते इथपर्यंतच. कमानीखाली चकती घालणं, पिन घासून टोकदार करणं, वेल्डिंगवाल्याकडून खीळ भरून घेणं हे कुणीही करू नये. टोकदार पिन टोपी फोडते आणि तापलेला वायू डोळ्यावर येतो. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीसाठीही परवाना लागतो, म्हणून काम परवानाधारक कारागिराकडेच द्यायचं. जाताना शस्त्र परवाना, चुकांची नोंद आणि खळगा पडलेली दोन-तीन काडतुसं सोबत न्यावीत. ती वेगळ्या डबीत असावीत, वर ‘न उडालेली’ असं लिहिलेलं असावं आणि त्यांचा हिशेब बाकीच्या काडतुसांबरोबरच ठेवावा. ठोसा खाऊनही त्यांतली दारू शाबूत असते. घरात त्यांना हातोडी, सुरी किंवा आग लावू नये, आणि पोरांच्या हाती तर ती पडूच देऊ नयेत.