प्रवासी फटफटी आणि तिचा साज

पुण्याहून नगरला पहिली एस. टी. धावली ती 1 जून 1948 रोजी, जेव्हा बीड जिल्हा अद्याप निजामाच्या अमलाखाली होता. आणि बीड शहरापर्यंत आगगाडी पोचली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. या दोन तारखांच्या दरम्यान या मुलखातील माणसाने तुळजापूरचे नवस फेडले, पंढरीची वारी केली, कोर्टकचेऱ्यांचे खेटे घातले, लेकी सासरी पोचवल्या आणि ऊसतोडीच्या हंगामाला बिऱ्हाडे हलवली, ती सारी रस्त्यानेच. गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावी स्वतःचे पोलीस ठाणे असले, तरी नवी गाडी घ्यावयाची तर गेवराई किंवा बीड गाठावे लागते, आणि अंगावरचा संरक्षक पोशाख घ्यावयाचा तर छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे. अशा गावातील तरुण लडाखच्या किंवा कोकणाच्या सफरीची भाषा बोलू लागले असतील, तर त्यांच्या उत्साहाचे कौतुक करून थांबण्यापेक्षा त्यांच्या खरेदीचा विचार करणे अधिक उपयोगाचे होईल.

प्रवासी दुचाकी कोणती, या प्रश्नाचे उत्तर विक्रेता इंजिनाच्या आकड्याने देतो. परंतु जेथे गाडी बंद पडेल तेथे ती दुरुस्त कोण करील, ज्या चिखलात ती रुतेल त्यातून ती एकट्याच्या ताकदीने निघेल काय, आणि ज्या उन्हातून जावयाचे आहे त्या उन्हात अंगावरचा पोशाख दिवसभर सोसवेल काय, या तीन प्रश्नांचा निकाल ज्याने आधी लावला, त्याला इंजिनाचा आकडा शोधीत हिंडावे लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. गावातून निघणाऱ्याच्या वाटेतील अवघड भाग बहुधा हिमालयात नसतो. तो घरापासून डांबरी सडकेपर्यंतच्या शिवरस्त्यात असतो.

या भागातील दुचाकीचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. रेडिचच्या इंग्रजी कंपनीशी भागीदारी होऊन 1955 साली मद्रासेत एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि तिची बुलेट पुढे पाटलांच्या वाड्यांपुढे व फौजदारांच्या कचेऱ्यांपुढे दिसू लागली. म्हैसूरची जावा, पुढे येझदी, आणि दूधवाल्यांच्या कॅनी वाहणारी राजदूत त्यापाठोपाठ आल्या. 1972 पासून कायनेटिकची लूना शिक्षक-तलाठ्यांना परवडू लागली. खरी उलथापालथ 1985 साली झाली. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी 100 बाजारात उतरली, आणि त्याच वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाल्यामुळे दुचाकी बनविणे हा मराठवाड्यातल्या मराठवाड्यातच चालणारा धंदा झाला. आज बहुतेक मिस्तरींचे हात ज्या यंत्रावर बसलेले आहेत ते याच शंभर सीसीच्या वंशातले आहे, ही गोष्ट खरेदीदाराने दृष्टिआड करू नये.

म्हणून पहिला प्रश्न असा की, घरी असलेली शंभर सीसीची गाडी पुरेशी नाही काय? परळी, औंढा आणि घृष्णेश्वर ही मराठवाड्यातील तीन ज्योतिर्लिंगे करावयाची असतील, तर निःसंशय पुरेशी आहे. सव्वाशे किलोच्या आतले वजन, तालुकाभर मिळणारे सुटे भाग आणि पेट्रोलचा अल्प खर्च हे गुण क्षुल्लक नव्हेत. ती तोकडी पडते ती धुळे-सोलापूर चौपदरी महामार्गावर, जेव्हा पुढे वाळूचा हायवा आणि मागे खासगी बस अशा अवस्थेत ओलांडून जाण्याइतका जोर तिच्या अंगी शिल्लक राहत नाही. ताशी 80 किलोमीटरचा वेग दिवसभर राखूनही यंत्राने तक्रार करू नये, एवढी अपेक्षा असेल तर 200 ते 350 सीसीच्या टप्प्यात यावे लागते. त्यापलीकडे जाण्याचे कारण मात्र प्रत्येकाने स्वतःला नीट विचारून घ्यावे.

सरकारने तर या 350 च्या आकड्यावर सीमाच आखून दिली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि त्यावरील गाड्यांवर तो 40 टक्के झाला. परिणामी रॉयल एनफिल्डची 349 सीसीची मीटिअर सीमेच्या अलीकडे राहिली, तर त्याच कंपनीची 452 सीसीची हिमालयन पलीकडे गेली. या फरकाच्या रकमेत डोक्यापासून पायापर्यंतचा उत्तम पोशाख येतो. कराच्या कोष्टकाने एरवी माणसाचे भले झाल्याचे क्वचितच ऐकिवात येते. येथे ते अनायासे झाले आहे.

आता वजन आणि उंची. हिमालयन पेट्रोलसकट 196 किलोची, मीटिअर 191 ची. हिरोची एक्सपल्स 160 च्या आसपास आणि सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स 167 किलोची. कागदावर तीस किलोंचा फरक नगण्य भासतो. परंतु मृगाच्या पावसानंतर काळ्या रानात गाडी आडवी झाली आणि हाकेच्या अंतरावर कोणी नसले म्हणजे त्या तीस किलोंचे माप पाठीला कळते. आसनाच्या उंचीचेही तसेच आहे. मीटिअरचे आसन 765 मिलिमीटरवर असल्यामुळे बेताच्या उंचीच्या माणसाचेही दोन्ही पाय जमिनीवर टेकतात, पण तिचे पोट खाली असल्याने शिवरस्त्यावरील चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला ते घासते. एक्सपल्स किंवा व्ही-स्ट्रॉम उंच आहेत, खड्ड्यांची पर्वा करीत नाहीत, पण 825-835 मिलिमीटरच्या आसनावरून एकाच पायाचा चवडा कसाबसा पोचणारा स्वार भारासकट वळताना कलंडण्याचा संभव असतो. दोन्ही गुण एका गाडीत सापडत नाहीत. बाजारात बैल पारखणारा माणूस शिंगे पाहण्याआधी त्याला चार पावले चालवून पाहतो. गाडीच्या बाबतीतही दुकानातील फरशीवर न बसता बाहेरच्या कच्च्या उतारावर तिला मागे ढकलून पाहावे.

मडगार्डकडे कोणी लक्ष देत नाही. आमच्याकडची चिकण काळी माती ओली झाली की चाकाला गुंडाळली जाते, आणि चाक व पुढचे मडगार्ड यांतील पोकळी अरुंद असेल तर काही अंतरात तेथे इतकी ठासून बसते की चाक फिरेनासे होते. उंच, चोचीसारखे मडगार्ड शहरातील लोक केवळ डौल म्हणून घेतात. काळ्या जमिनीत तो डौल नसून निकड आहे. चाकांविषयी एवढेच की, आऱ्यांची चाके खड्ड्यांत टिकतात पण बहुधा त्यांत ट्यूब असते, आणि ट्यूबलेस टायरचे पंक्चर सुताच्या वातीने रस्त्याच्या कडेला स्वतःला काढता येते. दूरच्या प्रवासाला मी ट्यूबलेसच्या बाजूने आहे.

पोशाखाकडे वळताना हिशेबाचा एक नियम सांगतो : एकंदर रकमेतून पोशाखासाठी सातवा हिस्सा आधी बाजूला काढावा आणि उरलेल्या पैशांत गाडी बसवावी. प्रघात याच्या उलट आहे. गाडीवर सारे पैसे संपतात आणि शिरस्त्राण रस्त्याच्या कडेला मांडलेल्या ढिगातून उचलले जाते. 

शिरस्त्राणाच्या शास्त्राचा उगमही एका स्वाराच्या मृत्यूत आहे. अरबस्तानातील पराक्रमामुळे ख्यातनाम झालेला टी. ई. लॉरेन्स 13 मे 1935 रोजी आपल्या ब्रफ सुपीरिअर या मोटारसायकलीवरून जात असता सायकलवरील दोन मुलांना वाचविण्याच्या प्रयत्नात पडला आणि सहाव्या दिवशी मेंदूच्या दुखापतीने वारला. त्याला तपासणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यविशारदाने पुढे लष्करी निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास करून 1941 साली निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यातून ब्रिटिश सैन्यात शिरस्त्राण सक्तीचे झाले. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे 129 वे कलम आहे, आणि 1 जून 2021 पासून भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणचिन्हाखेरीज हेल्मेट विकण्यास मनाई आहे. आतील पांढरा फेसाळ थर एकदाच दबतो व त्या दबण्यातच आघात जिरवतो. म्हणून जोराने आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी ते बाद समजावे. गाल किंचित दाबले जातील इतके ते घट्ट असावे, आणि हनुवटीचा पट्टा बांधलेला असावा. आरशाला टांगलेल्या हेल्मेटाने पोलिसाचे समाधान होत असेल, डोक्याचे होत नाही.

खरा वाद अंगरख्याचा आहे, कारण वैशाखात पारा 42 अंशांवर गेला असता जाकीट घाला असे सांगणाऱ्याला गाव वेड्यात काढतो. येथे थोडे शरीरशास्त्र ध्यानात घ्यावे. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे सुमारे 35 अंशांहून, अधिक झाले की अंगावर आदळणारा वारा गारवा न देता उष्णताच देतो. गारवा मिळतो तो केवळ घाम वाळण्याने, आणि उघड्या अंगावरचा घाम तर त्या झोताने इतक्या त्वरेने नाहीसा होतो की शरीर कोरडे पडत जाते. आमच्याकडील शेतकरी भर उन्हात डोक्याला पटका आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो तो याच अनुभवाने. जाळीदार कापडाचे जाकीट आणि त्याखाली भिजवून पिळलेला सुती सदरा, ही योजना मराठवाड्याच्या उन्हाळ्यास सर्वथैव अनुकूल आहे. सदरा वाळला की पुढच्या पाणपोईवर पुन्हा भिजवावा. जाकिटाच्या खांद्यांत, कोपरांत व पाठीत बसविलेल्या गाद्यांवर युरोपीय प्रमाणाचा 1621 हा क्रमांक व वेगळी 1 किंवा 2 ही पातळी छापलेली असते. पाठीच्या कप्प्यात पुष्कळदा नुसता स्पंजचा तुकडा असतो, तो हाताने चाचपून पाहावा. मुंबईची रायनॉक्ससारखी देशी मंडळी आता हे कपडे बनवितात, तेव्हा परदेशी मालाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.

हातमोजे हवेतच, कारण पडणारा माणूस प्रथम हात टेकतो. जीनची विजार रस्त्यावर घासली असता फार वेळ टिकत नाही. निदान गुडघ्यांच्या ढाली तरी बांधाव्यात. चपलेवर दूरचा प्रवास करू नये. खास बूट परवडत नसतील, तर औद्योगिक वसाहतीतील कामगार वापरतात ते घोट्याच्या वर येणारे सुरक्षा-बूट घ्यावेत; ते तोडीचे नव्हेत, पण घोटा झाकतात.

दिवाळीनंतर गाळपाचा हंगाम सुरू होतो, आणि प्रवासाची हौसही त्याच दिवसांत येते. गढीच्या जयभवानी कारखान्यासारख्या ठिकाणी जाणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढीत रात्री रस्त्यावर असतात. त्यांच्या मागे दिवा असेलच अशी खात्री नसते, आणि उसाची टोके बाहेर आलेली असतात. ताशी 80 च्या वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. साध्या दिव्याच्या उजेडात काळोखी ट्रॉली दिसून, उमजून, ब्रेक लागेपर्यंत अंतर उरत नाही. एबीएस 125 सीसीवरील गाड्यांना सक्तीचे झाले हे उत्तमच, पण ते अंधारात पाहत नाही. या चार महिन्यांत सूर्यास्तानंतर मुक्काम करावा, अशी माझी तरी तजवीज असते.

उरला मागच्या आसनाचा प्रश्न, ज्याविषयी प्रवासी दुचाकींचे परीक्षण लिहिणारे बहुधा मौन पाळतात, कारण ते एकटे हिंडतात. आमच्याकडे मात्र तुळजापूरला जोडीने जाण्याची रीत आहे. केंद्रीय नियमावलीचा 123 वा नियम मागे बसणाऱ्यासाठी धरावयाची मूठ, पायदान आणि चाकाचा निम्मा भाग झाकणारे आच्छादन सक्तीचे करतो. तरीही गाडी देखणी दिसावी म्हणून पुष्कळ मुले हे साडीगार्ड घरी आणल्याबरोबर काढून टाकतात, आणि पदर किंवा ओढणी चाकात जाण्याचे भय आईच्या वा बायकोच्या वाट्याला येते. पुण्याकडील एक तरुणी 2023 च्या मार्चमध्ये नऊवारी नेसून दुचाकीवर जगप्रवासास निघाली, तेव्हा दोष वस्त्राचा नाही एवढे तरी सिद्ध झाले. पण काष्टा पायांना बांधलेला असतो, सहावारीचा घोळ मोकळा असतो. शिवाय उंच गाड्यांची मागची बैठक पुष्कळदा अरुंद व टणक असते, आणि पायदान इतके वर असते की गुडघे तासाभरात आखडतात. म्हणून दुकानातून चाचणीसाठी गाडी मागावी ती दोघांनी मिळून, दुसरे हेल्मेट बरोबर घेऊन. गेवराईहून गढीपर्यंत जाऊन यावे, आणि मागे बसलेल्या व्यक्तीने उतरल्यावर काय सांगितले ते ऐकल्याखेरीज बयाणा देऊ नये.