क्वाडचे तीन ॲम्प आणि एक जुना स्पीकर

इंग्लंडमधल्या हंटिंग्डन गावच्या पीटर वॉकर यांच्या कंपनीने १९५७ मध्ये एक स्पीकर विक्रीला आणला. त्याला ना लाकडी पेटी होती, ना कागदी कोन. दोन सच्छिद्र पॅनेलांच्या मध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा ताणून बसवायचा, त्याला काही हजार व्होल्टचा स्थिर दाब द्यायचा आणि संगीताच्या संकेताने तो पुढेमागे हलवायचा, अशी त्याची रचना. नाव क्वाड ईएसएल. मानवी गळा इतका स्वच्छ ऐकवणारे स्पीकर त्यानंतरही फार थोडे झाले. म्हणूनच शौकीन आजही त्याची पॅनेले दुरुस्त करून घेतात आणि मग एका प्रश्नावर अडतात: याला ॲम्प कोणता लावायचा?

याच कंपनीचे तीन ॲम्प त्यासाठी हमखास सुचवले जातात. १९५३ चा क्वाड टू हा व्हॉल्व्हवर चालणारा, १५ वॅटचा. १९६७ चा ३०३ ट्रान्झिस्टरचा, दर चॅनेलला ४५ वॅट. आणि १९७५ चा ४०५, १०० वॅटचा. व्हॉल्व्हवाला गोड, ट्रान्झिस्टरवाले रुक्ष, हे मत तेव्हापासून चालत आले आहे. १९७८ मध्ये वॉकर यांच्या या तिन्ही ॲम्पची जेम्स मॉयर यांच्या देखरेखीखाली परीक्षा झाली. कोणता ॲम्प चालू आहे हे न सांगता जाणकारांना ऐकवले गेले. आवाजाची पातळी काटेकोर जुळवलेली होती. श्रोत्यांची उत्तरे नाणेफेकीपेक्षा सरस निघाली नाहीत.

मग घरी ॲम्प बदलल्यावर ज्यांना फरक ऐकू येतो, ते सगळे भ्रमात असतात का? मुळीच नाही. फरक खरा असतो, पण तो बहुतेक वेळा एकट्या ॲम्पचा नसतो. ॲम्प आणि स्पीकर यांची गाठ पडली की तो जन्माला येतो.

स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असले, तरी तो आकडा नावापुरता. खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत स्पीकरचा रोध, म्हणजे इम्पीडन्स, सतत बदलतो. ईएसएलचा तर बासमध्ये ३० ओहमच्या आसपास असतो आणि ट्रेबलच्या अगदी टोकाला २ ओहमच्याही खाली उतरतो. आता ॲम्पचा स्वतःचा अंतर्गत रोध १ ओहम धरू; व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये एवढा सहज असतो. स्पीकर ३० ओहमवर असताना ॲम्पच्या व्होल्टेजपैकी जेमतेम तीन टक्के आतच अडकते. स्पीकर २ ओहमवर आला, की एक तृतीयांश. म्हणजे साडेतीन डेसिबलची घट, तीही फक्त वरच्या टोकाला. झांजेची धार बोथट होते, गायिकेच्या ‘स’चा शिट्टीसारखा भाग मागे हटतो. त्याच स्पीकरला अंतर्गत रोध नगण्य असलेला ट्रान्झिस्टर ॲम्प जोडा, ट्रेबल पूर्ण येतो. व्हॉल्व्हचा तो आवाज एकाला गोड वाटेल, दुसऱ्याला दबलेला. मुळात ती एका साध्या भागाकाराची करामत आहे.

कोनवाल्या स्पीकरमध्ये चित्र उलटे होते. तिथे वूफर ज्या कंपनसंख्येवर स्वतःहून थरथरतो, नेमका तिथे रोध उसळी घेतो. जास्त अंतर्गत रोधाचा ॲम्प लावला की तिथला आवाज फुगतो आणि थांबायला वेळ घेतो. तबल्याच्या रेकॉर्डवर हे लगेच कळते: बायाँची मींड संपली तरी घुमारा रेंगाळतो. कंपन्या यावर उपाय म्हणून डॅम्पिंग फॅक्टरचे, म्हणजे स्पीकरच्या रोधाला ॲम्पच्या अंतर्गत रोधाने भागून येणारे, मोठमोठे आकडे छापतात. त्यातल्या पाचशे-हजारच्या आकड्यांना भुलण्याचे कारण नाही. वूफरमधल्या गुंडाळीच्या तारेचाच रोध पाचसहा ओहम असतो आणि तो वाटेत बसलेलाच असतो. वीस-पंचवीसच्या पुढे डॅम्पिंगमध्ये ऐकू येण्याजोगी भर क्वचितच पडते.

वॅटचा हिशेब वेगळा आणि जास्त निर्दय. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये बाजारात आणलेला भोंग्याचा क्लिप्शहॉर्न एका वॅटमध्ये सुमारे १०४ डेसिबल देतो. बीबीसीने फिरत्या प्रक्षेपण गाड्यांसाठी तयार केलेला छोटा एलएस३/५ए तेवढ्यात ८३ च्या जवळपास. दोघांना सारखे मोठ्याने वाजवायचे तर दुसऱ्याला शंभर पटींहून जास्त शक्ती लागते. तरी एलएस३/५ए व्हॉल्व्हवर छान बोलतो, कारण त्याचा मूळ १५ ओहमचा भार ॲम्पला हलका जातो आणि तो लहान खोलीत, जवळ बसून ऐकायचा असतो. १९६७ चा एआर-३ए स्पीकर मात्र ४ ओहमचा आणि भुकेलेला. त्याला पाचसात वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प लावणे हा दोघांवरही अन्याय आहे. ॲम्प दमला की तरंगांची टोके कापली जातात. व्हॉल्व्ह ती गोलसर कापतो, ट्रान्झिस्टर सपाट. म्हणून ताण आल्यावर दोघांचा स्वभाव वेगळा दिसतो.

शक्ती जास्त झाली तरी धोका आहेच. ईएसएल शिखराला साधारण ३३ व्होल्टच सोसतो. पुढे गेल्यास पॅनेलमध्ये ठिणगी उडते आणि पडदा जळतो. ४०५ त्याहून जास्त व्होल्टेज देऊ शकतो, म्हणून ईएसएलवर तो लिमिटर बसवूनच वापरावा. या स्पीकरसाठी तिघांतला समंजस जोडीदार ३०३ हाच.

मुंबईच्या चोर बाजारात किंवा कुणाच्या माळ्यावर असा जुना ॲम्प सापडला, तर त्याला थेट स्पीकर जोडू नका. पन्नास वर्षांत त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतात. अशा ॲम्पचा आवाज ऐकून व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर याचा निवाडा करता येत नाही. आधी चांगल्या तंत्रज्ञाकडून कपॅसिटर बदलून घ्या, आउटपुटवर डीसी व्होल्टेज येत नाही ना हे मीटरने तपासून घ्या आणि आपल्या स्पीकरचा इम्पीडन्सचा आलेख मिळवा. ॲम्पची निवड त्यानंतर करा.