पानावर 'निपाणी' नीट उमटावी म्हणून

वृत्तपत्राचे पान संगणकावर लावून झाल्यापासून त्याची प्लेट छपाई यंत्रावर चढेपर्यंत जे काम चालते, ते छपाईपूर्व विभागाचे काम होय, आणि या विभागाकडे आज पाने काय किंवा जाहिराती काय, बहुतांशी पीडीएफ फाइलच्या रूपात येतात. अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ साली आणलेल्या या फाइलप्रकाराचे आश्वासन साधे होते: एका संगणकावर जे पान जसे दिसते, ते दुसऱ्या कोणत्याही संगणकावर आणि कागदावरही तसेच उतरावे. मराठीच्या बाबतीत हे आश्वासन नेमके कुठे मोडते, हे पाहायचे तर बेळगाव-निपाणीचा सीमाभाग ही उत्तम जागा आहे.

बाबूराव ठाकूर यांनी १९१९ साली 'तरुण भारत' सुरू केल्यापासून बेळगावच्या मराठी वृत्तपत्रसृष्टीला सलग परंपरा लाभली आहे, आणि कोल्हापूरच्या दैनिकांच्या आवृत्त्याही या भागात वाचल्या जातात. निपाणी कर्नाटकच्या बेळगाव जिल्ह्यात असली तरी अंतराने कोल्हापूरला अधिक जवळ आहे. त्यामुळे तिथल्या दुकानाची जाहिरात कधी गावातल्याच डीटीपी केंद्रात कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरवर तयार होते, कधी कोल्हापूरच्या जाहिरात संस्थेकडून येते, तर सरकारी सूचना कन्नडमधून येतात. परिणामी एकाच पानावर दोन राज्यांच्या, दोन लिप्यांच्या आणि सॉफ्टवेअरच्या दोन-तीन पिढ्यांच्या फाइली शेजारी शेजारी बसतात.

यातील पहिली आणि सर्वांत हट्टी अडचण फॉन्टची आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या प्रणालींनी देवनागरीची वळणे इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांवर बसवली होती, आणि प्रत्येकीची मांडणी वेगळी होती. संगणकाच्या दृष्टीने तिथे मराठी अक्षर नसतेच. असतो तो केवळ एक रोमन क्रमांक, ज्याला फॉन्टने मराठी चेहरा दिलेला असतो. पीडीएफ बनवताना हा फॉन्ट फाइलच्या आत भरला, म्हणजे एम्बेड केला, तर सारे ठीक चालते. तो आत नसेल तर दुसरा संगणक आपल्याजवळचा पर्यायी फॉन्ट लावतो आणि श्रद्धांजलीच्या जागी टोप्या-टिंबे घातलेली रोमन अक्षरे दिसू लागतात. ही चूक निदान डोळ्यांत भरते. त्याहून घातक प्रकार असा, की त्याच नावाचा पण वेगळ्या आवृत्तीचा फॉन्ट दुसऱ्या संगणकावर आधीच असतो, तोच गुपचूप वापरला जातो आणि सगळा मजकूर जागच्या जागी राहून दोन-चार जोडाक्षरेच तेवढी बदलतात. कन्नडच्या जुन्या प्रणालींनीही हेच रोमन क्रमांक वापरले असल्यामुळे कोरलची मूळ फाइल उघडताना कन्नड फॉन्टऐवजी मराठी फॉन्ट लागला, तर कन्नड सूचनेचा मराठी अक्षरांचा अर्थहीन पुंजका होतो, आणि रात्रीच्या घाईत लांबून पाहणाऱ्याला तो मराठी मजकूरच वाटतो.

युनिकोडने हा घोळ मिटवला, पण एक नवा आणला. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात, आणि त्यांची वळणे योग्य जागी बसवण्याचे काम सॉफ्टवेअरला करावे लागते. 'निपाणी' हाच शब्द घ्यावा. त्यात आधी 'न' आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवलेली असते, मात्र कागदावर वेलांटी 'न'च्या आधी दिसली पाहिजे. देवनागरीची जाण नसलेले जुने सॉफ्टवेअर साठवणीचाच क्रम पाळते, आणि वेलांटी 'न'च्या मागे पडून 'प'च्या डोक्यावर झुकते. चिकोडीची गत तीच होते, तर संकेश्वर आणि हुक्केरी यांची जोडाक्षरे फुटून मध्ये हलन्ताचे पाय लोंबू लागतात. गंमत अशी, की बेळगाव आणि खानापूर या शब्दांत ऱ्हस्व वेलांटीही नाही आणि जोडाक्षरही नाही, त्यामुळे ते जवळपास कोणत्याही सॉफ्टवेअरमधून सहीसलामत बाहेर पडतात. म्हणून मथळ्यातले 'बेळगाव' बरोबर दिसले एवढ्यावर फाइल पास करणे धोक्याचे असते. मराठीची खरी परीक्षा 'दुसऱ्या', 'तऱ्हा' अशा शब्दांतल्या अर्ध्या 'र'ची असते, कारण तो हिंदीच्या सवयीने टंकला की रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. पीडीएफ असली चूक दुरुस्त करीत नाही. तीही इमानाने जपते.

दुरुस्ती पीडीएफमध्येच करू गेल्यास आणखी एक भिंत आडवी येते. आकार लहान राहावा म्हणून फाइलमध्ये फॉन्टमधली वापरलेली अक्षरेच भरली जातात. जाहिरातीत कुठेही '७' नसेल, तर '१६ तारीख' बदलून '१७' करायला तो आकडा फाइलमध्ये मिळतच नाही. अशा वेळी मूळ फाइल करणाऱ्याला फोन करून नवी पीडीएफ मागवणे हा कंटाळवाणा, पण एकमेव निर्धोक मार्ग आहे.

रंगांची अडचण समजायला सोपी, पण कागदावर अधिक कुरूप दिसते. पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो, तर छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंनी होते, आणि प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असते. पडद्याच्या पद्धतीतला काळा मजकूर रूपांतरित होताना चारही शाईंत विभागला जातो. वेगाने धावणाऱ्या यंत्रावर प्लेटांची जुळणी केसाइतकी जरी हलली, तरी बारीक टाइपाला रंगीत सावल्या पडतात. मजकुराचा काळा रंग फक्त काळ्याच प्लेटवर असावा, हा नियम त्यासाठीच आहे. चारही शाई पूर्ण दिल्यास बेरीज ४०० टक्के होते, आणि वृत्तपत्री कागद इतकी शाई पचवू शकत नाही. आयएसओ १२६४७-३ हे आंतरराष्ट्रीय मानक या बेरजेची मर्यादा त्याहून पुष्कळ खाली ठेवते. शिवाय या कागदावर शाई पसरते आणि ५० टक्क्यांचा ठिपका छापल्यावर साधारण ७६ टक्क्यांइतका भरतो, म्हणून आर्ट पेपरसाठी तयार केलेला फोटो जसाच्या तसा लावला, तर वाढदिवसाच्या जाहिरातीतला उजळ चेहरा सकाळी काळवंडलेला दिसतो.

पांढऱ्या अक्षरांचे गायब होणे हा प्रकार तर खास बुचकळ्यात टाकणारा आहे. एका रंगावर दुसरा रंग चढवून छापण्याच्या आज्ञेला ओव्हरप्रिंट म्हणतात. काळ्या अक्षरांना दिलेली ही आज्ञा, रंग मागाहून पांढरा केल्यावरही चिकटून राहिली, तर पांढरे म्हणजे शाईचा अभावच असल्याने लाल पट्टीवर 'काहीही न चढवण्याची' आज्ञा तंतोतंत पाळली जाते, आणि दुकानाचे नाव प्लेटवरून नाहीसे होते. पडद्यावर ते दिसत असते, कारण ओव्हरप्रिंट दाखवण्याची सोय सुरू केलेली नसते.

अशा चुका आधीच पकडण्यासाठी जी तपासणी केली जाते तिला, विमान उडण्यापूर्वीच्या तपासणीवरून, प्रीफ्लाइट म्हणतात. २००१ साली निश्चित झालेल्या पीडीएफ-एक्स-१ए या मानकात सर्व फॉन्ट आत असणे आणि पडद्याचे रंग नसणे बंधनकारक असते. मात्र फॉन्टच्या बाबतीत प्रीफ्लाइट तपासणी तो आत आहे की नाही एवढेच सांगते. 'निपाणी'ची वेलांटी कुठे पडली हे तिला कळत नाही. ते काम शेवटी मुद्रितशोधकाच्या डोळ्यांचेच राहते.

फॉन्टच्या या अडचणींवरचा प्रचलित तोडगा म्हणजे मजकूर 'कर्व्ह' करणे, म्हणजे अक्षरांचे रूपांतर निव्वळ आकृत्यांत करणे, किंवा त्याहून वाईट म्हणजे पूर्ण जाहिरातीचे चित्र बनवणे. चित्र केलेला बारीक टाइप ठिपक्यांत विरघळून कडा गमावतो, तेव्हा हा दुसरा उपाय अगदी नाइलाजाचाच मानला पाहिजे. कर्व्ह केलेली जाहिरात छपाईला निर्धोक असते, आणि प्लेट निघेपर्यंत त्यात वावगे काही नाही. प्रश्न जतन करण्याचा आहे. जुन्या फॉन्टमधल्या पानांतून मजकूर उचलला तर रोमन कचरा हाती येतो, पण फॉन्टचे नाव ठाऊक असल्यास त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. आकृत्या झालेल्या पानात मात्र फॉन्टचे नावही उरत नाही, आणि उद्या निपाणीच्या तंबाखू बाजाराचे जुने भाव शोधणाऱ्याला ते पान, छापील अंक स्कॅन करून वाचावा तसे, संगणकाकडून नव्याने ओळखून घ्यावे लागते.